राखाडी गुरुवार

आमच्या भाचीचं, ब्रेंडाचं लग्न झालं आणि त्या लग्नात माझा भाऊ अर्नेस्ट केकवर बसला, त्या वर्षीची ही गोष्ट. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. केक तीन मजली होता. आमच्या क्लफडेनमध्ये आजही कुणाला विचारा, चौऱ्याहत्तर म्हणजे 'केकचं साल' असंच सांगतील. त्याच साली गावाचा स्वतःचा टेलिव्हिजन चॅनल होता, हे मात्र कुणी बोलत नाही. मी विषय काढला, की लोक खिडकीबाहेर बघतात आणि म्हणतात, "पाऊस येईलसं वाटतं." आमच्याकडे हे बोलणं कधीच खोटं ठरत नाही, त्यामुळे विषय तिथेच संपतो.

म्हणून म्हटलं, आपणच लिहून ठेवावं. मी लिहायला-वाचायला शिकलो तो चाळिशीत, तोही बायकोकडून, तेव्हा शब्द साधेच येतील. पण चॅनल माझा होता आणि अपमानही माझाच झाला. दुसऱ्या कुणी लिहिण्यात अर्थ नाही.

क्लफडेन डोंगरांच्या बेचक्यात आहे. घरावर कितीही उंच एरियल लावा, पडद्यावर डोंगराच्या मर्जीची खरखरच दिसते. म्हणून एका कंपनीने वर माळावर एक मनोरा उभा केला होता आणि तिथून घरोघरी तारा आणल्या होत्या. प्रत्येक घरात खिडकीपाशी एक गोल खटका. त्यावर पाच खुणा. तीन खुणांवर लंडनचे कार्यक्रम यायचे, दोन रिकाम्या. त्यातली शेवटची खूण पुढे आमची झाली.

हे सगळं सुरू झालं माझ्या सासऱ्यांमुळे. इनॉक ग्रीनवुड. आयुष्यभर गावच्या पितळी बँडमध्ये पोटावर धरायचं ते सगळ्यात मोठं वाद्य वाजवलं. मग गुडघे गेले. घर होतं अगदी वरच्या ओळीत, इतक्या चढावर, की कोळसेवाला त्यांच्या दारात पोहोचला की आधी देवाचं आणि मग आमच्या खानदानाचं नाव घ्यायचा. सासरे त्यामुळे खाली येईनात. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवायचे.

माझी मेहुणी डोरीन शेजारच्या गावात राहायची. तिचं म्हणणं, बाबांना 'सनीबँक' वृद्धाश्रमात ठेवावं.

"तिथे बाग आहे, बाबा."

"बाग मला इथूनही दिसते. शेजाऱ्याची आहे, त्यामुळे खुरपावी लागत नाही."

"एकट्याने शेगडी पेटवता, किटली उचलता. मला घोर लागतो."

"मग नको येत जाऊस बघायला. घोर बघितल्यानेच लागतो."

शेवटी माझ्या बायकोने, मॅव्हिसने, दोघांत तह घडवला. बाबांचे डोळे शाबूत आहेत तोवर ते आपल्या घरात राहतील. डोळे गेले, की सनीबँक. बाबांनी मान्य केलं. त्यांची नजर ससाण्यासारखी होती. माझ्या दुकानातल्या दोन पांढऱ्या रंगांतला फरक ते खुर्चीतून सांगायचे. माझं दुकान रंगाचं आणि भिंतींच्या कागदांचं. बाबा मला नावाने कधी हाक मारत नसत. "काय रे रंगारी," असंच.

तर ब्रेंडाच्या लग्नात, अर्नेस्टला केकमधून बाहेर काढत असताना, मॅव्हिस म्हणाली, "बाबांना इथे आणता आलं असतं तर! बँड तरी एकदा बघायला मिळाला असता." आणि माझ्या डोक्यात चॅनल आला. डोंगर चढून बँड वर नेता येत नाही, पण तार नेता येते. तेव्हा सरकारही काही गावांना असले प्रयोग करू देत होतं. मला तर हे पडदे टांगण्याइतकं सोपं वाटलं.

परवानगीसाठी लंडनहून एक गृहस्थ आले. नाव मिस्टर फेदरस्टोन-हॉ. पातळ, उंच, छत्रीसकट एकच वस्तू वाटावी असे. त्यांनी अटी सांगितल्या. जाहिरात म्हणून काहीही दिसता कामा नये. बिस्किटांच्या डब्यावरचं नाव झाका. घड्याळावरचं नाव झाका. हार्मोनियमवरचं झाका. आमचा खाटीक रेजिनल्ड स्पिंक गावच्या क्रिकेट संघाचा कप्तान होता आणि त्याच्या दुकानावर पाटी होती 'स्पिंक'. म्हणजे खेळाच्या बातम्यांत त्याचं नाव घेणं ही मांसाची जाहिरात. तेव्हापासून आम्ही सांगायचो, "एका सद्‌गृहस्थाने नाबाद बेचाळीस धावा केल्या." रेजिनल्ड दुकानात सुरा आपटत म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा बेचाळीस केल्या, सिरिल, आणि त्या तू कुणाला देऊन टाकल्यास?"

स्टुडिओ म्हणून चॅपलच्या रविवारच्या शाळेची खोली मिळाली. मागची भिंत मी स्वतः रंगवली. दुकानात उरलेला रंग होता, राखाडी, डब्यावर त्याचं नाव 'कबुतराची छाती'. टेलिव्हिजन काळा-पांढरा, तेव्हा राखाडीत अन्याय कुणावरच नाही. कॅमेरा कोणी चालवायचा? हात स्थिर असणारा गावात एकच माणूस, होरेस टॅटरसॉल, अंत्यविधीवाला. होरेसने कॅमेरा इतक्या आदराने आणि सावकाश फिरवला, की ज्याच्यावर तो यायचा त्याला आपली वेळ झाली असं वाटायचं. बातम्या मॅव्हिस वाचायची. मी बाकी सगळं, म्हणजे प्रामुख्याने बोलणं.

राहिली तार. कंपनीचा क्लेम नावाचा माणूस आला. त्याने तार चॅपलच्या मागच्या अंगणातल्या लोखंडी पेटीपर्यंत आणली आणि टोक पेटीबाहेर लोंबतं ठेवून चहा मागितला.

"आत जोडायचं ना?" मी विचारलं.

"पेटीपर्यंत माझं काम. पेटीच्या आत वॉल्टर. त्याची युनियन वेगळी."

"पण एवढंसंच तर अंतर आहे. प्लग आत ढकलायचा."

क्लेमने कप खाली ठेवला. मी त्याला चोरी करायला सांगितल्यासारखं माझ्याकडे बघितलं. "मिस्टर ओल्डरॉइड, मी तुमच्या दुकानात येऊन भिंती रंगवतो का?"

मी माफी मागितली. दोन दिवसांनी समोरच्या मिसेस शॅकल्टन म्हणाल्या, की पिशवीवाला एक माणूस चॅपलच्या अंगणात जाऊन आला. म्हटलं, वॉल्टर येऊन गेला. काम झालं.

पहिला गुरुवार मी कधी विसरणार नाही. संध्याकाळी सातला होरेसने मान झुकवली आणि मी म्हणालो, "नमस्कार, क्लफडेन." स्टुडिओत कॅमेऱ्याला जोडलेला एक छोटा पडदा होता, त्यात मी स्वच्छ दिसत होतो. हवामान सांगायला होरेसने कॅमेरा खिडकीकडे वळवला. पाऊस पडत होता. सगळं बिनचूक. शेवटी पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला आणि त्यात चुकून डब्यावरचं झाकलेलं नाव घेऊन बिस्किटांचे आभार मानले, तेवढाच डाग.

दुसऱ्या दिवशी मी छाती काढून बाजारात गेलो.

"पाहिलंत का काल?"

"पाहिलं तर! छान होतं," मिसेस शॅकल्टन म्हणाल्या.

"काय आवडलं?"

"सगळंच. अगदी... शांत."

रेजिनल्ड म्हणाला, "उत्तम. तू पडद्यावर बारीक दिसतोस." शाळेचे हेडमास्तर म्हणाले, "संयत." ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "भडकपणा नाही हो तुमच्यात." मिस्टर फेदरस्टोन-हॉ पाहणीसाठी आमच्या खानावळीत मुक्कामाला होते. त्यांनीही जाताना हात हलवला. "चित्राचा दर्जा समाधानकारक."

फक्त बाबा. मी दुपारी वर गेलो तर खुर्चीतून आवाज आला, "काय रे रंगारी, सुरू कधी करतोस?"

"बाबा, काल झाला की पहिला कार्यक्रम! बघितला नाहीत?"

"दोन तास बघत होतो. राखाडी होतं."

"ती मागची भिंत. कबुतराची छाती."

"कबुतर नव्हतं. छाती नव्हती. तू पण नव्हतास. तेवढं एक बरं होतं."

मी घरी येऊन मॅव्हिसला सांगितलं. ती कांदा चिरत राहिली. पण चिरून झाल्यावरही तिचे डोळे पुसणं थांबलं नाही.

आता लोकांच्या सूचना. आमच्याकडे कुणी तोंडावर टीका करत नाही. लोक 'कदाचित' म्हणून सुरुवात करतात. मिसेस शॅकल्टन म्हणाल्या, "कदाचित उजेड थोडा वाढवला तर?" मी नाटक मंडळींकडून चार मोठे दिवे आणले. दुसऱ्या गुरुवारी खोली इतकी तापली, की फुलदाणीतली ट्युलिप्स बातम्या संपेपर्यंत टेबलावर आडवी झाली आणि चर्चगायनातल्या मिस पिकल्स त्यांच्या शेजारी. होरेस सवयीने तिच्याजवळ जाऊन टोपी काढून उभा राहिला. शुद्धीवर येताच त्याचा चेहरा दिसला, तशी ती परत बेशुद्ध झाली.

"कसं वाटलं?" मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"छानच! कदाचित थोडी हालचाल असती तर..." हेडमास्तर म्हणाले.

म्हणून तिसऱ्या गुरुवारी लाकडी बुटांचा नाच ठेवला. आठ दणकट बायका. चॅपलची जमीन शंभर वर्षं प्रार्थनेला सरावलेली, तिला नाच माहीत नव्हता. तिसऱ्या कडव्याला एक फळी गेली आणि तिच्याबरोबर मिसेस बूथ कमरेपर्यंत. बाई जिद्दीची. वरच्या अर्ध्या भागाने तिने नाच पूर्ण केला. मला वाटलं, आता तरी गावात चर्चा होईल.

"फार छान," रेजिनल्ड म्हणाला. "नाचाबिचात दम होता का?"

"तू बघितलंस ना?"

"बघितलं तर! म्हणूनच विचारतो. कदाचित थोडा आवाज हवा होता, एवढंच."

आणि दर शुक्रवारी मी वर गेलो, की बाबा: "राखाडी." एकदा जरा फरक पडला. "आज राखाडी, पण खरखर थोडी जास्त. प्रगती आहे."

बातमी डोरीनपर्यंत पोहोचलीच. ती डॉक्टर लम्ब यांना घेऊन आली. डॉक्टरांनी बाबांना दूरचं कॅलेंडर वाचायला लावलं. बाबांनी तारीख सांगितली, खाली छापखान्याचं नाव सांगितलं, आणि डॉक्टरांच्या कोटाला मागे पतंगाने पाडलेलं भोक आहे तेही सांगितलं.

मी म्हणालो, "बघ डोरीन, नजर पक्की आहे. घोड्यांच्या उड्यांचा कार्यक्रमही त्यांना नीट दिसतो."

"घोडे मोठे असतात," डोरीन म्हणाली. "तू लहान आहेस."

डॉक्टर विचारात पडले. "हे असं असतं कधीकधी. काही गोष्टी दिसतात, काही मेंदू घेत नाही. गुरुवारचा कार्यक्रम मी स्वतः पाहिला. चित्र अगदी स्वच्छ होतं."

"काय पाहिलंत, डॉक्टर?" बाबांनी विचारलं.

"सगळंच," डॉक्टर म्हणाले आणि घाईघाईने बॅग बंद केली. "फार छान."

झालं. तहाची अट मोडली. येत्या शुक्रवारी सकाळी सनीबँकची गाडी येणार असं ठरलं. बाबा एवढंच म्हणाले, "सगळ्या गावाला दिसतं म्हणता? मग असेल. माझंच काही गेलं असेल." आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाशी सहमत झाले.

मी ठरवलं, जायच्या आधीच्या गुरुवारी बँडच बोलवायचा. तीसेक माणसं त्या खोलीत मावेनात. ट्रॉम्बोनवाल्याला खिडकीपाशी बसवलं आणि त्याची नळी अंगणात ये-जा करू लागली. बाबांच्या त्या मोठ्या बाजाची जागा रिकामी खुर्ची ठेवून दाखवायची, असं होरेसला सांगितलं. आणि पहिल्यांदाच कार्यक्रम मॅव्हिसवर सोपवून मी चढ चढलो. म्हटलं, दिसलं नाही तर नाही, शेजारी बसून मी त्यांना सांगत जाईन.

डोरीन तिथे आधीच सामान भरत होती. मी खटका शेवटच्या खुणेवर फिरवला आणि पडद्याकडे बघितलं.

राखाडी.

मी डोळे चोळले. चष्मा पुसला. राखाडीच. माझ्या मनात पहिला विचार आला तो लिहायला लाज वाटते, पण लिहितो: माझेही गेले! सनीबँकला दोन खोल्या लागणार.

"दिसतंय का?" बाबांनी हळूच विचारलं.

मी परत चष्मा पुसायला घेतला. तेवढ्यात डोरीन हातात बाबांचे लोकरी मोजे घेऊन आली, पडद्यासमोर थांबली आणि मान तिरकी करून म्हणाली, "अगं बाई! किती छान दिसतोय बँड!"

बाबा खुर्चीत सरळ झाले. "दिसतोय तुला?"

"म्हणजे काय! अगदी स्वच्छ."

"काय वाजवताहेत?"

"ते... पितळी."

"आणि आपला सिरिल दिसतोय का कुठे?" त्या दिवशी त्यांनी माझं नाव घेतलं.

"हो तर. मागे, उजवीकडे. त्याचा तो निळा टाय."

"डोरीन," बाबा म्हणाले, "सिरिल तुझ्या शेजारी उभा आहे, बाई. आणि टेलिव्हिजन काळा-पांढरा आहे."

डोरीनने माझ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. मग माझ्याकडे. "मला वाटलं," ती पुटपुटली, "तू एवढी मेहनत घेतोस... काही दिसत नाही म्हणणं बरं वाटलं नसतं."

मी खटका मागे फिरवला. घोडे. एकेकाच्या शेपटीची वेणी दिसत होती. पुढे फिरवला. राखाडी. मी टोपीही न घेता पळत सुटलो.

वाटेत मिसेस शॅकल्टनचं दार उघडंच होतं. बाई डोक्यावर चर्चची चांगली हॅट घालून, चहाचा कप मांडीवर धरून, समोरच्या राखाडीकडे अदबीने बघत बसल्या होत्या.

"काय बघताय?" मी ओरडलो.

त्या दचकल्या. "तुमचाच कार्यक्रम, मिस्टर ओल्डरॉइड. फार छान चाललाय."

"काही दिसतंय का त्यात?"

बाईंनी हॅट काढली. "मला वाटलं, माझाच टेलिव्हिजन बिघडला. आणि सगळे तर छान म्हणत होते. दर गुरुवारी दोन तास बसते हो मी. उठून जाणं बरं दिसत नाही."

"आणि तो पिशवीवाला माणूस? चॅपलच्या अंगणातला?"

"हार्मोनियम दुरुस्त करणारा? त्याचं काय?"

मी चॅपलच्या मागे गेलो. पेटीबाहेर क्लेमने सोडला होता तिथेच प्लग लोंबत होता, बोटभर अंतरावर. शेजारून ट्रॉम्बोनची नळी खिडकीतून माझ्या कानापर्यंत येऊन जात होती. मी इकडेतिकडे पाहिलं आणि प्लग आत ढकलला. वीस वर्षं मी आठ फुटी शिड्या चढलो आहे, पण इतका उंच मी स्वतःला कधी वाटलो नाही.

परत चढ चढून वर पोहोचलो तेव्हा छातीचा भाता झाला होता. बाबा पडद्याला नाक लावून बसले होते. बँड दिसत होता. होरेसचा कॅमेरा आपल्या अंत्यविधीच्या चालीने एकेका गालफुग्या चेहऱ्यावरून सरकत त्या रिकाम्या खुर्चीवर आला आणि थांबला. बाबांनी दोन्ही हात पोटाशी धरले, जणू बाजा आहे तिथे, आणि बोटं हलवू लागले. डोरीन मोजे परत कपाटात ठेवत होती. बँड संपला.

"कसं होतं, बाबा?" मी विचारलं.

बाबांनी मागे टेकून थोडा विचार केला. आमच्या अख्ख्या गावात खरं बोलणारा हा एकच माणूस, म्हणून मी श्वास रोखून उभा होतो.

"दुसरा कॉर्नेट बेसूर आहे," ते म्हणाले. "राखाडी बरं होतं."

पण डोळे पुसायला त्यांनी डोरीनच्या हातातला मोजा मागून घेतला.

शुक्रवारी सनीबँकची गाडी आली आणि रिकामी गेली. शुक्रवारीच वॉल्टरच्या युनियनचा माणूसही आला. कुणा बाहेरच्याने प्लग घातला, म्हणजे वॉल्टरच्या पोटावर पाय. वॉल्टर संपावर गेला. वॉल्टरला पाठिंबा म्हणून क्लेम संपावर गेला. वाऱ्याने माळावरचा मनोरा वाकला, त्याला हात लावायला कुणी नाही, आणि अख्खं क्लफडेन पाचही खुणांवर राखाडी झालं. जगज्जेतेपदाच्या फुटबॉलचा अंतिम सामना त्याच आठवड्यात होता. तेव्हा मात्र मला पहिल्यांदा कळलं, की आमच्या गावाला तोंडावर टीका करता येते. रेजिनल्डने रस्त्याच्या मधोमध मला जे जे म्हटलं, त्यात एकदाही 'कदाचित' नव्हतं.

शेवटी तडजोड झाली. ज्याने प्लग घातला त्यानेच तो काढायचा, आणि मग वॉल्टरने येऊन रीतसर घालायचा. मी सगळ्यांसमोर प्लग काढला. वॉल्टर म्हणाला, येतो. तो अजून यायचा आहे. आमच्या चॅनलचं खरं आयुष्य एवढंच, त्या एका गुरुवारचं, बँडच्या शेवटच्या दोन गाण्यांपुरतं. नंतर मिस्टर फेदरस्टोन-हॉ यांनी लंडनहून कळवलं, की खात्याला कार्यक्रमांत सातत्य आढळलं.

चॅपलची ती भिंत मी पुढे पिवळी केली. सगळे म्हणाले, छान. मी बाबांना विचारायला वर गेलो.

"इथून दिसत नाही," ते म्हणाले.

इनॉक ग्रीनवुड एकोणीसशे एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत वारले, आपल्या घरात, खिडकीजवळच्या खुर्चीत. त्या दिवशी गुरुवार होता.